‘ख्रिस्त कोण?’ हा जुना वाद अभ्यासगटात कसा शिकवावा

वसईकडच्या धर्मग्रामात रविवारच्या मिस्सानंतर अभ्यासगटाला जेमतेम दीड तास मिळतो. त्यातली चाळीस मिनिटं एरियसला द्या. अलेक्झांड्रियाच्या या धर्मगुरूला पहिल्याच वाक्यात पाखंडी ठरवलंत, तर पुढचं काही उमगत नाही. आधी त्याची बाजू मांडा: अजन्मा देव एकच, पुत्र, म्हणजे ख्रिस्त, जन्मला, म्हणजे कधीतरी तो नव्हता. फळ्यावर त्याच्या आधाराची बायबलवचनं, नीतिसूत्रे 8:22 आणि योहान 14:28, लिहा. गट गप्प बसला तरी लगेच उत्तर देऊ नका. मग योहान 1:1-3 काढा. सगळं ज्याच्याद्वारे झालं, तो स्वतः ‘झालेल्यां’त कसा मोडेल?

आता एरियसचं मत नाकारणारी बिशपांची निकियाची परिषद, इ.स. 325. ‘होमोऊसियोस’ म्हणजे पित्याचं जे तत्त्व, तेच पुत्राचं. इथे कुणीतरी ‘देवाचा अंश’ म्हणतंच. तिथेच थांबवा, अंश म्हणजे भाग, आणि देवाचे भाग पडत नाहीत. परिषदेने वाद मिटला असंही सांगू नका. निकियाची बाजू लढवणारा अथानासियस अलेक्झांड्रियाचा बिशप झाल्यावर पाच वेळा हद्दपार झाला.

खरी अडचण आपल्या मराठीतच आहे. ‘देवाने माणसाचं रूप घेतलं’ हे वाक्य सहज तोंडात येतं. पण दशावतारातला नट रात्री रूप घेतो आणि पहाटे रंग पुसतो. ख्रिस्ताचं माणूसपण असं भासापुरतं मानणं म्हणजे जुना आभासवाद. ‘देहधारण’ शब्द योग्य आहे, तरी ऐकणारा नुसता देहच धरतो आणि अपोलिनारिसच्या चुकीत अडकतो: शरीर माणसाचं, पण माणसाच्या बुद्धीच्या जागी देवाचा शब्द, म्हणजे पुत्र. 381 च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने हे नाकारलं. त्यावर लूक 2:52 वाचून घ्या. येशू ज्ञानातही वाढला.

शेवटची वीस मिनिटं 451 च्या खाल्सेदोन परिषदेला: एकाच ख्रिस्तात देवपण आणि माणूसपण कसं नांदतं, हा तिथला प्रश्न. खाडीचा दाखला वापरा, पण तो चुकीचा म्हणूनच: गोडं आणि खारं पाणी मिसळून मचूळ होतं, ते धड गोडं नाही, धड खारंही नाही. ख्रिस्तातलं माणूसपण देवपणात मिसळून जातं, असं सुचवणाऱ्या युटिकेस या मठाधिपतीच्या म्हणण्यात हाच धोका होता. चार चिठ्ठ्यांवर परिषदेचे चार नकार लिहा: मिसळ नाही, बदल नाही, फाळणी नाही, ताटातूट नाही. कोणता नकार कुणाला, ते गटाला लावू द्या. पहिले दोन युटिकेसला. उरलेले दोन नेस्टोरियसच्या नावावर चालणाऱ्या मताला, ज्यात एका ख्रिस्ताचे दोन होतात. चिठ्ठ्या उलट लागल्या, तर पुन्हा खाडीपाशी या.