टँकरच्या ड्यूटीआधीची तयारी आणि एक थर्मामीटर

सेना सेवा कोरमध्ये असताना नागपूरजवळच्या कामठीहून सरावाच्या छावणीपर्यंत डिझेलचा टँकर नेण्याचे काम मी कितीतरी वेळा केले आणि त्यात एकदाच, पण पुरती, माती खाल्ली. एप्रिलमधल्या एका दुपारी 12,000 लिटर डिझेल भरून घेतले, डिप घेतली म्हणजे रॉड बुडवून टाकीतल्या इंधनाची पातळी मोजली, सील लावले, सही केली. दुसऱ्या दिवशी पहाटे छावणीत माप घेतले तेव्हा जवळजवळ 100 लिटर कमी भरले. सील शाबूत होते आणि गळतीचा एक थेंबही कुठे दिसत नव्हता. तरीही पुढचे तीन आठवडे लेखी खुलासे देण्यात गेले, कारण भरताना डिझेलचे तापमान किती होते ते मी लिहूनच घेतले नव्हते. थर्मामीटर बरॅकमध्ये पेटीत राहिला होता. एफओएलच्या, म्हणजे इंधन, तेल आणि वंगणाच्या, कामावर नव्याने येणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

आदल्या रात्री टायर, दिवे, अग्निशामक आणि एक्झॉस्टवरचा, ठिणग्या अडवणारा स्पार्क अरेस्टर पाहून घ्यावा. हे सांगावे लागत असेल तर ड्यूटी दुसऱ्याला द्यावी. अंगावर सुती गणवेश असावा, नायलॉनचे काही नको. मोबाईल केबिनमध्येही नको. डिप रॉड, पाणी तपासायची पेस्ट, नमुन्याचा डबा, घनता मोजायचा हायड्रोमीटर हे सगळे एकाच पेटीत ठेवावे आणि त्याच पेटीत थर्मामीटर ठेवावा. तो ठेवला आहे हे डोळ्यांनी पाहावे, काच तडकलेली नाही आणि आतला पारा किंवा रंगीत द्रव तुटून दोन तुकडे झालेला नाही हेही पाहावे. "साहेब, आहे पेटीत" या उत्तरावर विश्वास ठेवू नये. त्या दिवशी मला नेमके हेच उत्तर मिळाले होते.

एवढा आग्रह का, तर डिझेल तापले की फुगते आणि थंड झाले की आकसते, दर अंशाला साधारण 0.08 टक्के. ऐकायला हे क्षुल्लक वाटते, पण 12,000 लिटरवर दर अंशाला सुमारे 10 लिटर होतात. दुपारी 39 अंशांवर भरलेले डिझेल पहाटे 29 अंशांवर आले तर 100 लिटर कुणीही न चोरता नाहीसे झालेले दिसतात, आणि पेट्रोलमध्ये हा फरक याहून मोठा असतो. म्हणूनच हिशेब 15 अंशांच्या घनतेवर आणून करतात. डिझेलची ही घनता 810 ते 845 किलो प्रति घनमीटर या मर्यादेत असावी लागते. पण तक्त्यातून ती काढायची तर हायड्रोमीटरच्या वाचनाबरोबर त्याच नमुन्याचे त्याच क्षणीचे तापमान हाताशी हवे. तापमान नसेल तर घनतेचा आकडा कागदावर असून नसल्यासारखाच. नागपुरात दिवस आणि रात्रीच्या तापमानात एवढे अंतर असते की इथे ही चूक लपून राहत नाही.

थर्मामीटर बल्बभोवतीच्या छोट्या कपासकट टाकीच्या मध्यापर्यंत सोडावा, काही मिनिटे तिथेच राहू द्यावा, मग वर काढून बल्ब कपातल्या डिझेलमध्ये बुडालेला असतानाच, सावलीत, डोळे पातळीवर आणून वाचावा. कप रिकामा करून उघडा थर्मामीटर उन्हात धरला तर वैशाखातल्या उष्ण वाऱ्यात आकडा पाहता पाहता चढतो आणि आपण डिझेलचे नव्हे, नागपूरच्या हवेचे तापमान लिहून मोकळे होतो. आकडा लगेच डिपच्या शेजारी लिहावा. तळहातावर लिहू नये. घामाने पुसला जातो.

भरताना अर्थिंगची क्लिप आधी लावावी आणि शेवटी काढावी, तीही रंगावर नाही, उघड्या धातूवर. भरणनळीचे तोंड इंधनात बुडेपर्यंत वेग सेकंदाला 1 मीटरच्या वर जाऊ देऊ नये. आदल्या खेपेला त्याच टाकीत पेट्रोल होते का, हे विचारल्याशिवाय डिझेल घेऊच नये, कारण उरलेल्या वाफेत स्थिर विजेची एक ठिणगी पुरेशी असते. ज्वलनशीलतेच्या वर्गवारीत पेट्रोल अ वर्गात आणि डिझेल ब वर्गात मोडते एवढे पाठ असले म्हणजे भागले असे समजणारे पुष्कळ भेटतात. ज्या शहरात पेसोचे, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षितता पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेचे, मुख्यालय आहे तिथल्या माणसाने तरी असे समजू नये. टाकी काठोकाठ भरू नये. फुगायला जागा लागते, आणि का लागते ते वर सांगितलेच आहे.

रस्त्यात थांबे कमी घ्यावेत आणि प्रत्येक थांब्यावर सील पाहावे. ट्रेमकार्ड, म्हणजे अपघात झाल्यास काय करायचे ते सांगणारे कार्ड, केबिनमध्ये हाताशी असावे.

छावणीत टँकर सपाट जागी उभा करून थोडा वेळ स्थिर होऊ द्यावा. पेस्टने पाणी तपासावे, मग डिप आणि मग पुन्हा थर्मामीटर. दोन्ही ठिकाणचे तापमान एकाच कागदावर लिहून घेणाऱ्याची सही तिथेच घ्यावी. तो घाईत असला तरी घ्यावी. नळी निथळवावी, झाकणे बंद करावीत आणि थर्मामीटर पेटीत परत ठेवावा.