राज्याच्या निधीचा आपल्या स्कूल डिस्ट्रिक्टवर काय परिणाम होतो, हे स्वतः कसे तपासावे

अमेरिकेत ज्यांची मुले सरकारी शाळेत शिकतात, त्यांच्या कानावर फेब्रुवारी ते मे या काळात एक वाक्य हमखास पडते: राज्याकडून येणारा निधी घटला, म्हणून डिस्ट्रिक्टला (म्हणजे त्या भागातील सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेला) खर्चात कपात करावी लागणार. मग एका वर्गात मुले वाढणार, संगीताचा शिक्षक जाणार, शाळेच्या बसचे काही मार्ग बंद होणार, अशा गोष्टी बोलल्या जाऊ लागतात. पालक अस्वस्थ होतात. परंतु ही कपात खरोखर राज्यामुळे झाली की डिस्ट्रिक्टच्या स्वतःच्या निर्णयांमुळे, हे तपासण्याचा मार्ग बहुतेकांना ठाऊक नसतो. वास्तविक ही सगळी कागदपत्रे खुली असतात आणि त्यांतली आकडेमोड शाळेतल्या अंकगणितापलीकडे जात नाही. ती केल्यावर एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. राज्याचा एकच निर्णय शेजारशेजारच्या दोन डिस्ट्रिक्टवर सारखा परिणाम करत नाही, आणि ज्या गावाची मालमत्ता कमी किमतीची, त्याला तो फार जास्त जाचतो.

आधी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. अमेरिकेच्या संविधानात शिक्षणाचा उल्लेख नाही. टेक्सासमधील एजवूड डिस्ट्रिक्टच्या पालकांनी गरीब भागातील शाळांना कमी पैसा मिळतो म्हणून दाद मागितली होती. त्या 'सॅन अँटोनियो इंडिपेंडंट स्कूल डिस्ट्रिक्ट विरुद्ध रॉड्रिग्ज' या खटल्यात १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी असा निर्णय दिला की, शिक्षण हा संघराज्याच्या संविधानाने दिलेला मूलभूत हक्क नाही. त्यामुळे शाळांच्या पैशाचे जवळजवळ सगळे भांडण राज्यांच्या संविधानांकडे, विधिमंडळांकडे आणि न्यायालयांकडे वळले. देशात सुमारे १३ हजार स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत. सर्वसाधारण वर्षात त्यांच्या एकूण उत्पन्नातला ढोबळमानाने एक दशांश भाग केंद्र सरकारकडून येतो आणि उरलेला भाग राज्य व स्थानिक कर यांच्यात जवळपास निम्मा-निम्मा विभागलेला असतो. ही झाली देशाची सरासरी. एखाद्या डिस्ट्रिक्टचा तीन चतुर्थांश खर्च राज्य उचलत असेल, तर दुसऱ्याला राज्याकडून नाममात्र रक्कम मिळत असेल. म्हणून आपले डिस्ट्रिक्ट कोठे बसते, हे पाहणे हेच पहिले काम.

पहिली पायरी: तीन कागद जमवावेत

डिस्ट्रिक्टचे मंजूर अंदाजपत्रक, त्याच वर्षासाठी राज्याने जाहीर केलेला मदतीचा तक्ता आणि मागील वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल, हे तीन कागद पुरेसे आहेत. पहिला व तिसरा डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर, आणि दुसरा राज्याच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर मिळतो. न मिळाल्यास लेखी अर्ज करून मागता येतो. मात्र असा अर्ज केंद्राच्या माहिती कायद्याखाली करून उपयोग होत नाही. तो आपापल्या राज्याच्या सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली करावा लागतो.

अंदाजपत्रक उघडल्यावर केवळ 'जनरल फंड' हा भाग वाचावा. शिक्षकांचे पगार, बस, वीज, पुस्तके हा रोजचा खर्च त्यातून होतो. नवी इमारत किंवा मैदान बहुतेक वेळा मतदारांनी मंजूर केलेल्या कर्जरोख्यांतून उभे राहते आणि तो पैसा पगाराकडे वळवता येत नाही. 'शिक्षकांना पैसा नाही, मग नवे क्रीडागृह कसे?' हा प्रश्न सभांमध्ये वारंवार विचारला जातो आणि त्यावर वेळ वाया जातो, म्हणून हा फरक आधीच समजून घेतलेला बरा.

दुसरी पायरी: राज्याचा फॉर्म्युला एका ओळीत लिहून पाहावा

तपशिलात राज्याराज्यांत भरपूर फरक असला तरी बहुतेक ठिकाणी मूळ रचना सारखीच असते. राज्य प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक पायाभूत रक्कम ठरवते. तिला विद्यार्थिसंख्येने गुणते. ज्यांच्या शिक्षणाला अधिक खर्च येतो अशा मुलांसाठी त्यात वाढ करते. आणि आलेल्या रकमेतून, डिस्ट्रिक्ट स्वतःच्या प्रॉपर्टी टॅक्समधून जेवढे उभे करू शकेल असे राज्याला वाटते, तेवढे वजा करते. उरलेली रक्कम म्हणजे राज्याची मदत.

कॅलिफोर्नियात २०१३ पासून हीच रचना लागू आहे. तेथे गरीब कुटुंबांतील, इंग्रजी शिकत असलेल्या आणि फॉस्टर केअरमधील (आईवडिलांऐवजी सरकारी देखरेखीखाली इतरांकडे वाढणाऱ्या) मुलांसाठी पायाभूत रकमेच्या २० टक्के जादा मिळतात, आणि अशा मुलांचे प्रमाण ५५ टक्क्यांहून अधिक असेल तर त्यावर आणखी भर पडते. टेक्सासमध्ये २०१९ साली पायाभूत रक्कम ६,१६० डॉलर ठरली आणि त्यानंतर सहा वर्षे महागाई वाढत असतानाही ती जागची हलली नाही. २०२५ मध्ये ती अवघ्या ५५ डॉलरनी वाढवण्यात आली. अशा ठिकाणी राज्याने 'कपात' हा शब्द उच्चारलेला नसतो, तरीही डिस्ट्रिक्टच्या हातातला पैसा दरवर्षी झिजत जातो. म्हणून केवळ या वर्षाचा आकडा न पाहता मागील पाच-सहा वर्षांतील पायाभूत रक्कम एका रांगेत लिहून काढावी. माझ्या मते सगळ्या तपासणीत याहून बोलकी रांग दुसरी नाही.

तिसरी पायरी: मुले कशी मोजली जातात, ते पाहावे

काही राज्ये पटावरची मुले मोजतात, तर काही रोजची सरासरी हजेरी. मिशिगनमध्ये मुख्य मोजणी ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारी होते. कॅलिफोर्निया आणि टेक्सास हजेरीवर पैसा देतात. म्हणजे मूल घरी राहिले तर शिक्षकाचा पगार, वर्गातले दिवे आणि बस यांचा खर्च तसाच राहतो, पण त्या दिवसाचे उत्पन्न बुडते. सुट्टीला जोडून मुलांना चार-आठ दिवस भारतात नेणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांनी हे ध्यानात ठेवावे. लांबच्या प्रवासासाठी आगाऊ अर्ज करून घरून अभ्यास करण्याची सोय डिस्ट्रिक्टमध्ये असेल, तर ती जरूर घ्यावी, कारण अटी पाळल्यास ते दिवस बऱ्याचदा हजेरीत धरले जातात.

चौथी पायरी: स्थानिक वाटा काढून कपातीचे ओझे मोजावे

सगळ्या लेखातील हा गाभा आहे, म्हणून येथे कागद-पेन्सिल घेऊन बसावे. समजण्यास सोपे जावे म्हणून दोन काल्पनिक डिस्ट्रिक्ट घेऊ. दोन्हींत ५,००० विद्यार्थी आहेत आणि राज्याने विद्यार्थ्यामागे १०,००० डॉलर ठरवले आहेत. म्हणजे प्रत्येकाची गरज ५ कोटी डॉलर झाली. पहिल्या डिस्ट्रिक्टमधील करपात्र मालमत्ता ३ अब्ज डॉलरची आहे, दुसऱ्यातील दीड अब्जाची. राज्याने १ टक्का स्थानिक कर गृहीत धरला आहे. पहिले डिस्ट्रिक्ट स्वतः ३ कोटी उभारते, राज्य २ कोटी देते. दुसरे दीड कोटी उभारते, राज्य साडेतीन कोटी देते. येथपर्यंत दोन्ही समान पातळीवर आहेत आणि फॉर्म्युल्याने आपले काम चोख केले आहे.

आता राज्याने सर्व डिस्ट्रिक्टच्या मदतीत सरसकट ५ टक्के कपात केली असे समजू. पहिल्याचे १० लाख डॉलर जातात, म्हणजे एकूण अंदाजपत्रकाच्या २ टक्के. दुसऱ्याचे साडेसतरा लाख जातात, म्हणजे साडेतीन टक्के. फरक येथेच थांबत नाही. ही तूट स्थानिक कर वाढवून भरायची ठरवली, तर पहिल्या डिस्ट्रिक्टमध्ये ४ लाख डॉलरच्या घरावर वर्षाला सुमारे १३३ डॉलर जादा कर बसेल. दुसऱ्यात तितक्याच किमतीच्या घरावर सुमारे ४६७ डॉलर. साडेतीन पट ओझे, आणि तेही ज्या गावात मुळात पैसा कमी आहे तेथे. विधिमंडळात 'सर्वांना सारखीच कपात' असे सांगितले जाते तेव्हा ते शब्दशः खरे असते आणि परिणामाच्या दृष्टीने अत्यंत अन्याय्य असते. आपल्या डिस्ट्रिक्टचे खरे आकडे या जागी घालून हाच हिशेब करावा. एका संध्याकाळचे काम आहे.

याच आकड्यांवरून आणखी दोन गोष्टी उलगडतात. पहिल्या डिस्ट्रिक्टमधून १०० मुले गेली, तर गरज १० लाखांनी कमी होते; परंतु स्थानिक वाटा ३ कोटीच राहतो, त्यामुळे सगळी घट राज्याच्या मदतीतून होते. पट २ टक्क्यांनी घटला आणि राज्याची मदत ५ टक्क्यांनी घटली. ती १०० मुले बालवाडीपासून बारावीपर्यंतच्या १३ इयत्तांत विखुरलेली असल्याने एका इयत्तेतून सात-आठच कमी होतात, आणि तीही निरनिराळ्या शाळांतून. एकही वर्ग बंद करता येत नाही, पण पैसा मात्र गेलेला असतो.

दुसरी गोष्ट घरमालकांना फार गोंधळात टाकते. पहिल्या डिस्ट्रिक्टमध्ये मालमत्तेच्या किमती १० टक्क्यांनी वाढल्या, तर त्याच दराने स्थानिक कर ३० लाखांनी वाढतो. परंतु राज्य आपली मदत तितक्याच रकमेने कमी करते. घरमालकाने जास्त कर भरला, शाळेला मात्र एक डॉलरही जादा मिळाला नाही. टेक्सासमध्ये तर ठरावीक मर्यादेपलीकडचा स्थानिक पैसा राज्याकडे परत जातो. १९९३ मध्ये सुरू झालेल्या या पद्धतीत ऑस्टिन आणि प्लेनो ही डिस्ट्रिक्ट मोठ्या रकमा देत आली आहेत. उलट कॅलिफोर्नियात पालो आल्टोसारख्या डिस्ट्रिक्टचा स्थानिक कर राज्याने ठरवलेल्या गरजेपेक्षा अधिक असतो आणि तो जादा पैसा त्यांच्याकडेच राहतो, त्यामुळे राज्याच्या फॉर्म्युल्यातील चढउतार त्यांना फारसे जाणवत नाहीत. आपले डिस्ट्रिक्ट यांपैकी कोणत्या प्रकारात मोडते, हे कळल्याशिवाय शेजारच्या डिस्ट्रिक्टशी तुलना करू नये.

कर वाढवण्याचे स्वातंत्र्यही सगळीकडे सारखे नसते. कॅलिफोर्नियात मतदारांनी १९७८ साली मंजूर केलेल्या 'प्रपोझिशन १३' या तरतुदीमुळे मालमत्ता कराचा मूळ दर १ टक्क्यावर आणि करासाठी धरल्या जाणाऱ्या किमतीची वार्षिक वाढ २ टक्क्यांवर बांधलेली आहे. न्यू जर्सीत मतदारांना न विचारता स्थानिक शाळाकराची रक्कम काही अपवाद सोडता वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. मिशिगनमध्ये १९९४ च्या सुधारणेने रोजच्या खर्चाचा भार मुख्यतः राज्यावर गेला आणि विक्रीकर ४ वरून ६ टक्के झाला. त्यामुळे तेथील डिस्ट्रिक्टना चालू खर्चासाठी स्थानिक कर वाढवण्याचा मार्ग जवळजवळ उरलेलाच नाही.

पाचवी पायरी: तात्पुरता पैसा वेगळा काढावा

कोरोनाच्या काळात केंद्राने शाळांना तीन टप्प्यांत मिळून सुमारे १९० अब्ज डॉलर दिले. शेवटच्या टप्प्यातील पैसा कोठे खर्च करायचा, हे पक्के करण्याची मुदत ३० सप्टेंबर २०२४ रोजी संपली. ज्या डिस्ट्रिक्टनी त्यातून कायमस्वरूपी नेमणुका केल्या, त्यांच्यापुढे आता तूट उभी आहे, आणि ती राज्याच्या नावावर टाकणे योग्य नाही. मागील चार-पाच वर्षांच्या लेखापरीक्षण अहवालांत केंद्राच्या अनुदानाची ओळ पाहिली की हे स्पष्ट होते.

याच्या उलटही घडते. पट घटूनही मदत एकदम कमी होऊ नये म्हणून अनेक राज्ये काही डिस्ट्रिक्टना जुन्या पातळीचे संरक्षण देतात. न्यू जर्सीने २०१८ च्या कायद्याने असे संरक्षण टप्प्याटप्प्याने काढून घेतले, आणि त्यावर विसंबलेल्या डिस्ट्रिक्टना वर्षानुवर्षे कपात सोसावी लागली. आपल्या तक्त्यात अशी रक्कम दिसली, तर ती कोणत्या वर्षापर्यंत मिळणार आहे, हे स्कूल बोर्डाला, म्हणजे डिस्ट्रिक्टचा कारभार पाहणाऱ्या मंडळाला, विचारावे.

सहावी पायरी: योग्य वेळी योग्य दारात जावे

स्कूल बोर्ड खर्च ठरवते. राज्याच्या मदतीचा आकडा ठरवत नाही. म्हणून फॉर्म्युल्याविषयीची तक्रार राज्याच्या विधिमंडळातील आपल्या आमदाराकडे आणि राज्याच्याच सिनेटरकडे न्यावी, आणि संगीताचा शिक्षक ठेवायचा की नाही, हा प्रश्न बोर्डापुढे मांडावा. वेळही महत्त्वाची आहे. कॅलिफोर्नियात गव्हर्नरचा प्रस्ताव १० जानेवारीपर्यंत आणि त्याची सुधारित आवृत्ती मेच्या मध्यापर्यंत येते, पण शिक्षकांना कपातीच्या प्राथमिक नोटिसा १५ मार्चपर्यंत द्याव्या लागतात; म्हणजे राज्याचा आकडा पक्का होण्याआधीच डिस्ट्रिक्टला वाईटात वाईट धरून चालावे लागते. न्यूयॉर्क राज्यात बहुतेक डिस्ट्रिक्टच्या अंदाजपत्रकावर मेच्या तिसऱ्या मंगळवारी मतदान होते. ते दोनदा फेटाळले गेले, तर स्थानिक कर मागील वर्षापेक्षा वाढवता येत नाही. जूनमध्ये जागे होणाऱ्या पालकाच्या हाती फारसे काही उरत नाही. जानेवारी ते मार्च हाच बोलण्याचा काळ.

आपल्यापैकी अनेकांकडे नागरिकत्व नाही, म्हणून या सभांना जाण्यास संकोच वाटतो. बहुतेक ठिकाणी मतदान करता येत नाही हे खरे. परंतु बोर्डाच्या खुल्या सभेत लोकांच्या मनोगतासाठी राखलेल्या वेळेत बोलण्यास नागरिकत्वाची अट नसते. घर भाड्याचे असले तरी मालकाच्या प्रॉपर्टी टॅक्सचा बराच भाग भाड्यातून आपणच भरत असतो. बोलण्यास बहुधा दोन-तीन मिनिटेच मिळतात, तेव्हा वर केलेल्या हिशेबातील एकच आकडा घेऊन उभे राहावे: राज्याने मदत ५ टक्क्यांनी घटवली, तर आपल्या डिस्ट्रिक्टमधील सरासरी किमतीच्या घरावर ती तूट भरण्यासाठी वर्षाला किती डॉलर बसतील, आणि शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये किती. हिशेबाचा कागद सचिवाकडे लेखी द्यावा, म्हणजे तो सभेच्या नोंदीत जोडता येतो, आणि त्याचीच प्रत त्या आठवड्यात आमदाराच्या कार्यालयाला पाठवावी.