स्लाऊमध्ये भाड्याने देण्यासाठी घर घेताय? या चुका टाळा

लंडनजवळच्या स्लाऊ शहरातल्या घराच्या जाहिरातीत एजंटचा '७ टक्के परतावा' वाचला की आपल्या लोकांना घाई होते. मुंबई-पुण्यात किमतीच्या दोन-तीन टक्के भाडं सुटलं तरी पुष्कळ, मग सात म्हणजे मोठंच घबाड वाटतं. पण तो आकडा म्हणजे वर्षाचं भाडं भागिले किंमत, बस.

समजा, स्लाऊ स्टेशनजवळचा फ्लॅट २,४०,००० पौंडांना आहे आणि भाडं महिना १,४०० पौंड. कागदावर बरोबर ७ टक्के. आता राहतं घर स्वतःचं असताना हे दुसरं घेताय, तर ५ टक्क्यांचा जादा अधिभार धरून स्टॅम्प ड्युटी १४,३०० पौंड. सॉलिसिटर, सर्व्हे वगैरे मिळून खर्च गेला २,५७,०००वर. वर्षातला एक महिना घर रिकामं धरा, हाती आले १५,४००. त्यातून एजंटचे १२ टक्के म्हणजे १,८४८, इमारतीच्या देखभालीचा सर्व्हिस चार्ज २,४००, विमा, गॅसची तपासणी आणि डागडुजी १,३००. उरले ९,८५२. परतावा ३.८ टक्के, आणि कर्ज नि प्राप्तिकर अजून बाकीच आहे! एप्रिल २०२० पासून व्याज भाड्यातून वजा होत नाही, करात फक्त व्याजाच्या २० टक्के सूट मिळते. ४० टक्के कर भरणाऱ्या नोकरदाराला हे फार जड जातं. भारतात राहून घेणाऱ्याला स्टॅम्प ड्युटीत आणखी २ टक्के.

फ्लॅट बहुतेक लीजहोल्ड असतात, म्हणजे ठरावीक वर्षांच्या करारावर घेतलेले. मागच्या तीन वर्षांची सर्व्हिस चार्जची बिलं हातात आल्याशिवाय होकार देऊ नका. लीज ८० वर्षांच्या खाली उतरली असेल तर मी तरी त्या सौद्यातून बाहेर पडेन.

दुसरी चूक जनगणना वाचण्याची. २०२१मध्ये स्लाऊची लोकसंख्या सुमारे १,५८,५०० होती आणि त्यात जवळपास ४७ टक्के एशियन. हे वाचून 'आपलेच भाडेकरू मिळतील' असं धरून चालू नका. त्यात पाकिस्तानी वंशाची कुटुंबंही मोठ्या संख्येने आहेत. शिवाय वंश किंवा धर्म बघून भाडेकरू निवडणं कायद्याने गुन्ह्यासारखंच महागात पडतं. केंटमधल्या एका घरमालकाने 'करीचा वास राहतो' म्हणून एशियन भाडेकरू नाकारायचं ठरवलं, तेव्हा २०१७मध्ये कोर्टाने ते बेकायदा ठरवलं. 'फक्त भारतीय, शाकाहारी' अशी जाहिरात आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

जनगणनेत खरं बघायचं ते वय आणि कुटुंबाचा आकार. स्लाऊ तरुण गाव आहे, मुलंबाळं भरपूर. गावात चार ग्रामर स्कूल, म्हणजे प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या सरकारी शाळा आहेत, त्यामुळे अकरावीची नव्हे, अकराव्या वर्षाची परीक्षा इथे घराघरात चर्चेत असते. लँग्लीसारख्या भागात तीन बेडरूमचं घर भाड्याने घेणारं कुटुंब मुलं शिकेपर्यंत हलत नाही. स्टेशनजवळच्या एका बेडरूममध्ये लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनला जाणारा नोकरदार राहतो, तो वर्षा-दोन वर्षांत बदलतो. लंडनमधून जाणारी एलिझाबेथ लाइन ही रेल्वे कधीच सुरू झाली आहे, तिचा फायदा विकणाऱ्याने किमतीत लावलेला असतो.

'पाच आयटीची मुलं ठेवू, भाडं जास्त येईल' हाही मोह असतो. वेगवेगळ्या घरची पाच माणसं एकत्र राहिली की एचएमओ (अनेक बिऱ्हाडांचं सामायिक घर) लायसन्स सक्तीचं आहे. नसेल तर मोठा दंड, आणि भाडं परत करण्याची वेळही येऊ शकते.

कारण न देता घर सोडण्याची नोटीस देण्याची सोय इंग्लंडमध्ये १ मे २०२६ पासून नाही. म्हणून भाडेकरू निवडतानाच पगाराच्या स्लिपा, आधीच्या घरमालकाचा संदर्भ आणि राइट टू रेंटची, म्हणजे भाडेकरूला इथे राहण्याचा कायदेशीर हक्क आहे का याची तपासणी नीट करा. डिपॉझिट ३० दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत जमा झालंच पाहिजे.

आणि बुरशी. डिसेंबरमध्ये खिडकीच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसले की मालक म्हणतात, 'रेडिएटरवर कपडे वाळवता ना!' कधी ते खरंही असतं. पण आधी बाथरूमच्या पंख्यासमोर टिश्यू पेपर धरून बघा. तो पंख्याला चिकटला नाही तर पंखा हवा ओढत नाही. तो बदला, छताची बाहेरची पन्हाळ साफ करून घ्या आणि त्यानंतरच रंगाऱ्याला बोलवा.