आठ तास की पंधरा मिनिटं? लोकेटर आणि डेंचर क्लिन्झरवर डिझर्टेशन घेणाऱ्यांसाठी

प्रॉस्थोला (कवळ्या आणि कृत्रिम दातांच्या शाखेला) नुकतेच लागलेले बरेच जण सध्या सिनॉप्सिससाठी (डिझर्टेशनच्या आराखड्यासाठी) विषय शोधत असतील. त्यातल्या एखाद-दुसऱ्याच्या वाट्याला 'डेंचर क्लिन्झरचा लोकेटरच्या रिटेन्शनवर परिणाम' (कवळी धुण्याच्या द्रावणाने लोकेटरची पकड बदलते का) हा विषय येतोच. माझ्याही आला होता. विषय खरंच चांगला आहे. फॉलो-अपला न येणाऱ्या पेशंटला फोन करत बसावं लागत नाही आणि मशीन आकडा देतं. पण 'इन-व्हिट्रो (पेशंटवर नाही, लॅबमध्ये) आहे, पटकन उरकेल' असं एखादा सीनियर म्हणाला तर त्याने स्वतः असं काम केलंय का, ते आधी विचारा.

लोकेटर म्हणजे इम्प्लांटवर कवळी टिचबटणासारखी अडकवून ठेवणारी जोडणी; बाकी तपशील तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. 2002 च्या मॅकगिल कन्सेन्ससपासून (तज्ज्ञांच्या एकमतापासून) दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवर (हाडात बसवलेल्या स्क्रूंवर) बसणारी कवळी, म्हणजे ओव्हरडेंचर, ही पहिली पसंती मानली जाते. या कवळीची पकड बहुतांशी दोन इवल्याशा नायलॉन इन्सर्टवर असते. पारदर्शक इन्सर्ट 5 पाउंड पकडीचा, गुलाबी 3 चा, निळा 1.5 चा. पेशंट रोज रात्री कवळी कशात बुडवतो, याचा हिशोब याच नायलॉनला चुकवावा लागतो.

सिनॉप्सिस लिहायच्या आधी एक गोष्ट पक्की करा: तुम्ही फिट (कवळी नीट बसणं) मोजताय की रिटेन्शन (पकड)? पेशंट दोन्हीला 'सैल झाली' म्हणतो. मागच्या दातांवर बोटाने दाबल्यावर कवळी डुगडुगत असेल तर बहुतेक वेळा खालचं हाड झिजलेलं असतं आणि रिलाइन (कवळीला आतून नवा थर) लागतं. दाबल्यावर स्थिर बसते, पण काढताना अंगठ्याला काहीच जोर लागत नाही आणि बसताना 'टक्' आवाज येत नाही, तर इन्सर्ट बघा. क्लिन्झरचा संबंध मुख्यतः या दुसऱ्या तक्रारीशी. उकळतं पाणी मात्र अॅक्रिलिकच (कवळीचं प्लॅस्टिक) वाकवतं आणि मग पहिली तक्रारही सुरू होते. शीर्षकात 'फिट' आणि मेथडॉलॉजीत फक्त पुल-आउट फोर्स (खेचून काढायला लागणारा जोर) असं लिहिलंत तर एक्स्टर्नल (बाहेरचा परीक्षक) पहिला प्रश्न इथेच विचारणार.

आता मी जिथे अडकले ती जागा. सगळे सिनॉप्सिस 'सहा महिन्यांइतकं भिजवणं' असं एका ओळीत लिहून मोकळे होतात. मीही तसंच लिहिलं होतं. सहा महिने म्हणजे नक्की किती तास? पेशंट रात्रभर 8 तास बुडवतो असं धरलं तर 180 रात्रींचे 1440 तास, म्हणजे सलग 60 दिवस. कवळी धुण्याच्या गोळीच्या पाकिटावर 15 मिनिटं लिहिलेली असतील तर 180 दिवसांचे 45 तास. हायपोक्लोराइट (ब्लीच) 10 मिनिटांपुरतंच वापरलं तर 30 तास. एकाच 'सहा महिन्यां'चे हे तीन वेगवेगळे अर्थ.

मग कंट्रोल ग्रुप (तुलनेसाठीचा) पाण्यात किती वेळ ठेवणार? नायलॉन स्वतःच पाणी शोषतं, त्याने त्याचं माप आणि लवचिकता दोन्ही बदलतात. गोळीचा ग्रुप 45 तास आणि पाण्याचा 60 दिवस असेल, तर आलेला फरक गोळीचा की पाण्याचा, हे कुठलीही टेस्ट सांगू शकत नाही. प्रत्येक वेळापत्रकाला त्याच वेळेचा वेगळा पाण्याचा कंट्रोल हवा. ग्रुप वाढतात, इन्सर्टचा खर्च वाढतो, पण याला पर्याय नाही. हे माझ्या लक्षात आलं तोवर पहिले सॅम्पल भिजून झाले होते आणि पाण्याचा ग्रुप पुन्हा लावावा लागला. ते आठवडे आजही अंगावर येतात. म्हणून इतकं पाल्हाळ लावतेय.

यातच दुसरी मेख आहे. 45 तास सलग एकाच बीकरमध्ये इन्सर्ट ठेवणं आणि 15 मिनिटं असं 180 वेळा ताज्या द्रावणात ठेवणं या दोन सारख्या गोष्टी नाहीत. गोळीचा फेस बसला की तिचा जोर ओसरत जातो, उघड्या बीकरमधलं हायपोक्लोराइट उजेडात क्लोरीन गमावत राहतं. सलग ठेवलात तर बहुतेक वेळ तुमचा इन्सर्ट मेलेल्या द्रावणात पडून असतो आणि निकाल येतो, 'गोळी सुरक्षित आहे'. दर 15 मिनिटांनी द्रावण बदललं तर आठ तासांत 32 बदल होतात आणि सहा दिवसांत 180 पूर्ण होतात. कंटाळवाणं आहे, पण जमतं. कोणी तरी सोबतीला घ्या, टायमर लावा आणि वहीत प्रत्येक बदलाची वेळ लिहा.

हायपोक्लोराइटच्या बाटलीवर 5 टक्के लिहिलंय म्हणून आत 5 टक्केच असेल असं नाही. जवळच्या फार्मसी कॉलेजात थायोसल्फेटचं टायट्रेशन करून घ्या, किरकोळ काम आहे. आणि 'एकास दहा' लिहिताना एक भाग अधिक दहा भाग पाणी की एकूण दहा भागांत एक, हे स्पष्ट लिहा. दोन्हींची टक्केवारी वेगळी येते.

2010 साली जर्नल ऑफ प्रॉस्थोडॉन्टिक्समध्ये गुलाबी इन्सर्टवरचा जो अभ्यास आला, तो तुम्ही वाचालच. त्यात हायपोक्लोराइटने पकड लक्षणीय घटली होती. तो वाचताना भिजवण्याचा कालावधी पेनने अधोरेखित करा, कारण अमेरिकन कॉलेज ऑफ प्रॉस्थोडॉन्टिस्ट्सच्या 2011 च्या मार्गदर्शक सूचना कवळी हायपोक्लोराइटमध्ये 10 मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका असं सांगतात. रात्रभर बुडवणाऱ्याचा निकाल दहा मिनिटं बुडवणाऱ्याला लावता येत नाही. दोन्ही प्रश्न खरे आहेत. तुमचा कोणता, ते आधी ठरवा.

मशीनबद्दल थोडक्यात. गुलाबी इन्सर्टची पकड साधारण 13 न्यूटन, जोडीची ढोबळमानाने 26. बऱ्याच इंजिनिअरिंग कॉलेजांतलं यूटीएम (खेचून ताकद मोजणारं मशीन) लोखंडी सळ्या तोडायला आणलेलं असतं. त्याच्या 100 किलोन्यूटनच्या लोड सेलवर (जोर मोजणाऱ्या सेन्सरवर) तुमचा आकडा गोंधळात हरवून जातो. फोनवरच विचारा, 'छोटा लोड सेल आहे का?' 500 न्यूटनचा किंवा त्याहून लहान मिळाला तर जा, नाहीतर दुसरी लॅब शोधा. क्रॉसहेड स्पीड (खेचण्याचा वेग) बहुतेकांनी 50 मिमी प्रति मिनिट ठेवलाय, तोच ठेवा, म्हणजे तुलना करता येते. दोन अॅनालॉग (इम्प्लांटच्या नकला) सर्व्हेअरवर (समांतरता तपासायच्या उपकरणावर) समांतर लावा. अबटमेंटही (इन्सर्ट ज्यावर अडकतो तो भाग) झिजतं, तेव्हा ग्रुप बदलला की तेही बदला. आणि मशीन चालवणाऱ्या काकांशी नीट बोला, त्यांच्या जेवणाच्या वेळा सांभाळा. लोड सेल, ग्रिप, स्लिप या गोष्टी मला त्यांनी जितक्या शिकवल्या तितक्या कुठल्याही पुस्तकाने शिकवल्या नाहीत.

नव्या इन्सर्टची पकड सुरुवातीच्या काढ-घालीतच बरीच उतरते. दिवसाला तीनदा काढ-घाल धरली तर सहा महिन्यांच्या 540 होतात. त्या घ्यायच्या असतील तर सगळ्या ग्रुपना सारख्याच घ्या. बेसलाइन (सुरुवातीचं माप) किती खेचण्यांनंतर घेतली तेही लिहा.

शॉर्टकटविषयी माझं मत कडक आहे. सीनियरचा सिनॉप्सिस घेऊन गुलाबीच्या जागी निळा लिहू नका. पैसे घेऊन 'स्टॅट्स करून देणाऱ्यां'कडे आकडे तयार झाल्यावर जाऊ नका. स्टॅटिस्टिशियनला पहिला इन्सर्ट विकत घ्यायच्या आधी भेटा, सॅम्पल साइझ त्याच्यासमोर काढा. माझ्या मते चांगला गाइड तोच, जो सिनॉप्सिसवर सही करायच्या आधी 'कंट्रोल कशाचा?' असं विचारतो. तुमचे गाइड विचारत नसतील तर तुम्हीच त्यांच्यासमोर बसा आणि विचारा. राग आला तर येऊ द्या.

आणि घाबरू नका. फरक 'सिग्निफिकंट' आला नाही म्हणून डिझर्टेशन नापास होत नाही. 15 मिनिटांच्या गोळीने पकड बिघडली नाही, हाही निकालच आहे आणि पेशंटला सांगायला तो जास्त उपयोगी आहे. मला हे कोणी वेळेवर सांगितलं असतं तर कितीतरी रात्री झोप लागली असती.

मधल्या काळात ओपीडीत एक काम करा: ओव्हरडेंचरच्या प्रत्येक पेशंटला 'कशाने धुता?' एवढंच विचारून थांबू नका, 'किती वेळ बुडवून ठेवता?' हेही विचारा. आमच्याकडे एक आजी यायच्या. मिश्रीचे डाग जावेत म्हणून त्या पांढरे कपडे धुवायच्या ब्लीचमध्ये कवळी रात्रभर ठेवायच्या आणि सकाळी राखुंडीने घासायच्या. कवळी स्वच्छ, पांढरीशुभ्र, आणि जीभ लावली की वर. अशा आजींना ओरडू नका. मऊ ब्रश, भांड्यांचा सौम्य साबण, झेपत असेल तर कोमट पाण्यात गोळी, वेळ पाकिटावर असेल तेवढीच, आणि रात्री साध्या पाण्यात. हे मी केसपेपरच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून देते आणि सोबत आलेल्या मुलाला किंवा सुनेला वाचून दाखवते.

मशीनच्या रॉ फाइल्स पेनड्राइव्हवर आणि मेलवर अशा दोन ठिकाणी ठेवा. डिझर्टेशन परीक्षेच्या सहा महिने आधी जमा होतं, व्हायवापर्यंत (तोंडी परीक्षेपर्यंत) लॅबचा कॉम्प्युटर फॉरमॅट झालेला असू शकतो, आणि ग्राफ कुठून आला हे दाखवायची वेळ तेव्हाच येते.