स्ट्रॉबेरी-बिस्किटाची दाट स्मूदी: तयारी आदल्या दिवसापासून

पुतणीची दहावीची परीक्षा संपतेय आणि शनिवारी दुपारी ती चार मैत्रिणींना घेऊन येणार आहे. फर्माईश एकच: चमच्याने खावी लागेल इतकी दाट, गारेगार स्मूदी आणि तिच्यात बिस्किटं. म्हणजे पाच ग्लास. मिक्सरचं काम काही मिनिटांचंच आहे, पण ही स्मूदी जमते ती फ्रीजरमध्ये, म्हणून माझी तयारी शुक्रवारी सकाळी मंडईतून सुरू होते. तुमच्या भागात गुरुवारी लाईट जात असेल तर बुधवारी रात्री फळं गोठवायला ठेवू नका. अर्धवट गोठलेलं फळ वितळून पुन्हा गोठलं की त्याचा पाणचट गोळा होतो.

पाच ग्लासांना अर्धा किलो स्ट्रॉबेरी, पाच मध्यम केळी, पाव किलो चक्का, कपभर दूध आणि दहा-बारा बिस्किटं लागतात. मार्च महिना या कामाला फार चांगला. महाबळेश्वर-पाचगणीकडच्या स्ट्रॉबेरीचा हंगाम उतरणीला लागलेला असतो, फळ लहान आणि गडद येतं, भावही उतरलेला असतो. आकाराची पर्वा नाही, कारण शेवटी वाटायचंच आहे. रंग मात्र देठापर्यंत लाल हवा. देठाजवळ पांढरी राहिलेली स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही आणि गोठवल्यावर तर नुसती आंबट लागते. बॉक्स घेताना उलटा करून खालचा थर बघाच. वर टपोरी फळं आणि खाली चेपलेली, हे सर्रास असतं.

घरी आल्यावर स्ट्रॉबेरी देठासकट धुवायची. देठ आधी काढला तर त्या भोकातून पाणी आत शिरतं. मग सुती पंचावर पसरून पंख्याखाली अर्धा तास, पूर्ण कोरडी होईपर्यंत. ही पायरी मी कधीच टाळत नाही. फळावर राहिलेलं पाणी म्हणजे बर्फ, आणि त्या बर्फानेच फळं एकमेकांना चिकटतात. कोरडी झाली की देठ काढून, मोठी असतील तर अर्धी करून, स्टीलच्या ताटात बटर पेपरवर एकेरी थरात मांडायची, एकमेकींना न टेकता. चार-पाच तासांत खडखडीत होतात, मग डब्यात भरल्या तरी सुट्या राहतात. एकदारी फ्रीजमधला बर्फाचा कप्पा तेवढा थंड नसतो, तिथे रात्रभर ठेवा आणि बटण आदल्या दिवशीच वाढवून ठेवा. घरच्या फ्रीजरमध्ये फळ हळू गोठतं, आत बर्फाचे मोठे स्फटिक होतात आणि पेशी फुटतात. म्हणून अशी स्ट्रॉबेरी वितळल्यावर लिबलिबीत होते. नुसती खायला नको वाटते, पण इथे आपण ती वितळूच देत नाही.

गोठवलेल्या फळांची तयार पाकिटंही मिळतात. मागच्या वर्षी घाईत एका दुकानातून तसं पाकीट आणलं. उघडलं तर आत एकच दगड आणि तळाशी लाल बर्फाची पाटी. वाटेत कुठेतरी ते वितळून पुन्हा गोठलं होतं. स्मूदीला शिळा वास आला आणि सगळं ओतून द्यावं लागलं. तेव्हापासून पाकीट हातात घेऊन बोटांनी चाचपते: फळं आत सुटी सुटी हलली तरच घ्यायचं.

केळ्यांच्या बाबतीत मी फार हट्टी आहे. ज्या केळ्यावर तपकिरी ठिपके आलेत, जे कुणी डब्यात न्यायला तयार नसतं, तेच इथे हवं. पिकताना केळ्यातला स्टार्च साखरेत उतरतो, गर मऊ आणि चिकट होतो, आणि गोठवून वाटल्यावर त्याला आईस्क्रीमसारखा लुसलुशीतपणा येतो. मस्तानीत आईस्क्रीमचा गोळा वर असतो. इथे ते काम केळंच करतं, म्हणून आईस्क्रीम आणायची गरज नाही. बर्फ तर मुळीच घालू नका. बर्फाने दोन मिनिटं दाट वाटतं, मग ग्लासात खाली रंगीत पाणी आणि वर चोथा. केळं सोलून, बोटाच्या पेराएवढे तुकडे करून, तसंच ताटात मांडायचं. सालीसकट गोठवलं तर साल काळी पडून गराला चिकटते आणि सुरीने खरवडावी लागते. नीट गोठलेल्या तुकड्यावर बारीक पांढरं दव धरतं आणि तो मोडताना टक् असा आवाज येतो. आवाज आला नाही तर अजून वेळ द्या.

स्ट्रॉबेरीऐवजी हापूस चालतो, पुरंदरचं अंजीरही सुरेख लागतं. सीताफळाचा गर घ्यायचा तर एकही बी मिक्सरमध्ये जाता कामा नये, ती विषारी असते. अननस, किवी आणि पपई मात्र कच्ची घालू नका. त्यांच्यातली पाचक द्रव्यं दुधातली प्रथिनं तोडतात आणि थोड्याच वेळात स्मूदी कडू होते. गोठवल्याने ती मरत नाहीत, शिजवल्याने मरतात. अननस साखरेत शिजवून, गार करून मग गोठवला तर हरकत नाही.

चक्का डेअरीतून आणा किंवा गुरुवारी रात्री अर्धा किलोभर दही पंचात बांधून टांगा. मार्चच्या उकाड्यात ते ओट्यावर टांगलं तर सकाळपर्यंत आंबतं. चाळणीत ठेवून, खाली भांडं देऊन फ्रीजमध्येच ठेवायचं. चक्क्यामुळे दाटपणा येतो आणि दुसरं म्हणजे स्ट्रॉबेरीच्या आंबटपणाने दूध फाटल्यासारखं कणीदार दिसत नाही. सासूबाईंना दूध आणि केळं एकत्र चालत नाही, त्यांच्यासाठी मी नुसत्या चक्क्यातली करते. त्यांनीच मला आम्रखंड शिकवलं, त्यामुळे चक्का आणि फळ यावर आमचं एकमत आहे. दूध तापवून, गार करून, साय पूर्ण काढून मग फ्रीजमध्ये ठेवा. साय राहिली तर गार दुधात मिक्सर फिरताच तिचं लोणी निघतं आणि जिभेवर तुपकट कण येतात.

आता बिस्किटं. पुण्यात राहून श्रूसबेरी सोडून दुसरं काही सुचतच नाही. ईस्ट स्ट्रीटवरच्या कयानी बेकरीत जायचं तर सकाळीच जा, दुपारी ती बंद असते. श्रूसबेरीत लोणी भरपूर, त्यामुळे ती ओलाव्यात लगेच विरघळत नाही, भुसभुशीत तुकडा दाताखाली येतो. नानकटाईही अशीच टिकते. पार्ले-जी चवीला छान, पण घटकेत लगदा होतो. तो स्मूदीत चव म्हणून वाटायला घ्या, वर घालायला नको. येणाऱ्या मुलींपैकी कुणी अंडं खात नसेल तर बेकरीत विचारून बिनअंड्याची आणा. हे मी पुतणीला आधीच विचारायला सांगितलंय. बिस्किटं पिशवीत घालून लाटण्याने हलकेच चेचायची, शेंगदाण्याएवढे तुकडे राहतील इतकीच. भुगा झाला की सगळी मजा गेली. चेचलेली बिस्किटं घट्ट झाकणाच्या डब्यात, बाहेरच.

शुक्रवारी संध्याकाळी मिक्सरचं भांडं घासायला घ्या. झाकणाची रबरी रिंग काढून नाकाशी धरा: तिला लसणाच्या चटणीचा वास असतोच. बेसन आणि लिंबू लावून धुवून रात्रभर उघड्यावर वाळवायची. चटणीचं छोटं भांडं या कामाचं नाही, मोठं किंवा मधलं घ्या. ग्लास स्टीलचे असतील तर उत्तम, ते शनिवारी सकाळी फ्रीजरमध्ये.

मुली आल्या, गप्पा सुरू झाल्या की फळांचे डबे पाचेक मिनिटं बाहेर काढून ठेवायचे. पाचही ग्लास एकदम करायला जाऊ नका, तीन घाणे करा. भांड्यात आधी दूध, मग चक्का, चिमूटभर मीठ, चमचाभर मध आणि सगळ्यात वर गोठलेलं फळ. पात्याजवळ ओलं असेल तरच ते फळाला खाली ओढतं. उलटं घातलं तर पातं पोकळीत फिरत राहतं. मिक्सर सलग न चालवता थांबत थांबत फिरवा, मध्ये बंद करून चमच्याने ढवळा. तरी अडलं तर एक चमचा दूध, जास्त नको. मोटर थांबून खालचं लाल बटण बाहेर आलं तर घाबरू नका, मिक्सर दहा मिनिटं निवू द्या आणि बटण परत दाबा. चव घेताना लक्षात ठेवा, गार पदार्थात गोडी कमी कळते, त्यामुळे मध हाताशी असू द्या.

वाटून झालं की निम्मी बिस्किटं चमच्याने कालवायची, मिक्सर परत लावायचा नाही. उरलेली वरून, ग्लास हातात देताना. ग्लास भरेल तसा देत जायचा, पाचही होईपर्यंत थांबायचं नाही. लांब दांड्याचे चमचे पाच हवेत. माझ्याकडे तीन आहेत, दोन शेजारच्या काकूंकडून शुक्रवारीच आणून ठेवणार आहे.