लाइव्ह पोस्टचा डेटा लॅपटॉपवर घेताय? या चुका टाळा

समजा रंगपंचमीला इंदुरात राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघालीय आणि लोक तिच्यावर काय लिहितायत ते लाइव्ह दाखवायचंय. व्हीएस कोड या एडिटरमध्ये पायथनचा कोड लिहिला, रन केला, आणि स्क्रीनवर काहीच नाही. अशा वेळी बहुतेक जण कोडच बदलत बसतात. त्याआधी येणारा डेटा जसाच्या तसा प्रिंट करून बघा, तो पोचतोय की नाही हे कळलं की कुठे शोधायचं तेही कळतं.

जुने व्हिडिओ बघून ट्विटरचा कोड उतरवू नका, तिथला जुना फुकट ॲक्सेस 2023 मध्येच बंद झालाय. शिकायला ब्लूस्काय या ट्विटरसारख्या नेटवर्कचं जेटस्ट्रीम, म्हणजे त्याच्या पोस्टचा लाइव्ह प्रवाह, घ्या, लॉगिन लागत नाही आणि वेबसॉकेटवर (सतत उघडं राहणारं कनेक्शन) सरळ जेसन (प्रोग्रॅमला सहज वाचता येणारा मजकूर) येतं. फक्त कनेक्ट करतानाच पोस्टचं कलेक्शन, म्हणजे फक्त पोस्ट हा प्रकार, मागा, नाहीतर जगभरचे लाइक आणि फॉलोसुद्धा अंगावर येतात आणि लॅपटॉप हँग झाल्यासारखा वाटतो.

मॅस्टोडॉनसारख्या दुसऱ्या नेटवर्कवर टोकन, म्हणजे पासवर्डसारखी गुप्त किल्ली, लागतं. सर्व्हरकडून 401 हा एरर कोड आला तर टोकन पोचलं नाही, चुकीचं आहे किंवा रद्द झालंय, 403 आला तर बहुतेक वेळा परवानगी कमी पडतेय. टोकन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (कोडबाहेर, सिस्टिममध्ये ठेवलेली किंमत) ठेवताना ते नंतर सेट केलं आणि व्हीएस कोड आधीपासून उघडा असेल तर त्याला ते दिसतच नाही, नुसतं टर्मिनल बदलून भागत नाही, सगळ्या विंडो बंद करून परत उघडा. आणि टोकन चुकून कोडसोबत गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर गेलंच तर ओळ पुसून उपयोग नाही, हिस्ट्रीत ते राहतं, टोकनच रद्द करून नवं घ्या.

नेट तुटणारच, हे धरूनच लिहा. शेवटच्या मेसेजची वेळ जपून ठेवा, जेटस्ट्रीमला परत जोडताना तीच कर्सर (कुठून पुढे पाठवायचं याची खूण) म्हणून द्या, थोडी मागची दिली तरी चालेल, डबल आलेल्या पोस्ट नंतर गाळता येतात. 429 आला, म्हणजे तुम्ही फार वेळा मागताय, तर थांबा, दर वेळी जास्त थांबा.

आता खरी आपली अडचण, देवनागरी. ब्लूस्काय हॅशटॅग कुठून कुठपर्यंत आहे ते बाइटमध्ये सांगतं, अक्षरांत नाही. '#इंदूर' ची लांबी पायथन 6 सांगतो पण यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची नेहमीची पद्धत) ते 16 बाइट होतात, म्हणून हायलाइट भलतीकडेच पडतो. मजकूर आधी बाइटमध्ये बदला, तिथे कापा, मग परत अक्षरांत आणा.

भाषेच्या फिल्टरवरही विसंबू नका, भाषेची नोंद पोस्टसोबत लिहिणाऱ्याच्या ॲपमधून येते. आपल्याकडे माणूस एकाच पोस्टमध्ये अर्धं मराठी अर्धं हिंदी लिहितो आणि ॲपमध्ये भाषा इंग्रजी असते, तेव्हा फक्त मराठी मागितलं तर आपलीच माणसं गळतात. इंदूर आणि इंदौर दोन्ही शोधा.

आणि 'गेर' शोधताना 'गेरुआ' पण येत असेल तर दचकू नका. पायथनचं शब्द शोधायचं नेहमीचं आरई (re) मॉड्यूल मात्रेला अक्षराचा भाग मानत नाही, त्याच्या लेखी 'र' नंतर शब्द संपला, त्यामुळे शब्दाच्या सीमेची खूण (\b) लावूनही काही फरक पडत नाही. पिप या पायथनच्या इन्स्टॉलरवरून रेजेक्स (regex) नावाचं मॉड्यूल टाका, त्याला मात्रा कळतात, पॅटर्न तोच ठेवला तरी चालतो.