बेस वाढला की ॲम्प्लिफायर बंद होतो? आधी अर्थिंग मोजा

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर गुहागरहून एक मुलगा गाडी घेऊन आला. पांढरी हॅचबॅक, डिकीत १२ इंची वूफर आणि ५०० वॅटचा मोनो ॲम्प्लिफायर. आवाज जरा चढवला आणि बेस लांबला की ॲम्प्लिफायरवर लाल दिवा लागायचा आणि सगळं गप्प. एका दुकानात त्याला मोठा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारं यंत्र) बसवायला सांगितलं होतं. माझ्याकडे तो फक्त दर विचारायला आला होता. "दादा, किती लागतील?" मी म्हटलं, आधी अर्धा तास गाडी सोड माझ्याकडे.

चिपळूणला वीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय. अल्टरनेटर खरोखर कमी पडतोय अशा गाड्या त्यात मोजक्याच आल्या. बहुतेक वेळा वीज पुरेशी तयार होते, पण डिकीपर्यंत पोचेस्तोवर वाटेतच सांडते, आणि व्होल्टेज कमी पडलं की ॲम्प्लिफायर स्वतःला बंद करतो. कुठे सांडते ते शोधायला साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. तुम्ही घरीही करू शकता, म्हणून सगळं नीट सांगतो.

मीटर काढण्याआधी डोळ्यांनी एक गोष्ट बघून घ्या. अंधारात गाडी भिंतीसमोर उभी करा, इंजिन चालू, हेडलाइट चालू, आणि बेस वाजवा. ठोक्यागणिक भिंतीवरचा उजेड मंदावत असेल तर दुखणं पुढे आहे: बॅटरी, अल्टरनेटर, त्याला फिरवणारा पट्टा किंवा इंजिनाची अर्थिंग (गाडीच्या बॉडीतून बॅटरीच्या मायनसला जाणारी परतीची जोडणी). उजेड जवळपास स्थिर आणि ॲम्प्लिफायर तरीही बंद पडतोय, तर दुखणं मागे जाणाऱ्या वायरींमध्ये आहे. एलईडी हेडलाइट असतील तर त्यांच्यावर विसंबू नका. त्यांचं सर्किट व्होल्टेज सांभाळून घेतं. आतला साधा बल्ब असेल तर तो बघा. गुहागरच्या गाडीचे हॅलोजन दिवे फार हलत नव्हते.

आता मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. गाडी रात्रभर बंद असेल तेव्हा सकाळी, सेल्फ मारायच्या आधी बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे आधी चार्ज करा, नाहीतर पुढचे आकडे फसवतील. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरीवर संशय घ्या. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.७ च्या दरम्यान काहीतरी दिसायला हवं. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत कॉम्प्युटरच चार्जिंग कमीजास्त करतो, त्यामुळे बॅटरी भरलेली असताना १२.८ दिसलं म्हणून अल्टरनेटर गेला असं ठरवू नका. हेडलाइट आणि ब्लोअर लावा, थोडी रेस द्या, आकडा चढतो का ते बघा. तेवढं करूनही चढत नसेल तर मात्र अल्टरनेटरकडे वळा. पण आधी पट्टा बघा. ढिला किंवा चकचकीत झालेला पट्टा भार आला की घसरतो, आणि पावसात किंचाळतो.

एक कळकळीची विनंती. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून "गाडी चालू राहिली म्हणजे अल्टरनेटर चांगला" ही परीक्षा कुणालाही करू देऊ नका. जुन्या डायनॅमोच्या गाड्यांपासून चालत आलेली ही पद्धत आहे. बॅटरी सुटली की व्होल्टेज क्षणात उसळतं आणि गाडीचा कॉम्प्युटर, स्टिरिओ, ॲम्प्लिफायर यांपैकी काहीही जळू शकतं.

इथपर्यंत सगळं ठीक निघालं, तर आता खरं काम. गाणं लावून मोजू नका. बेसचा ठोका इतका झटपट येतो-जातो की मीटरला तो पकडता येत नाही. फोनवर ५० हर्ट्झचा टेस्ट टोन घ्या. इंजिन चालू, जरा रेस, आवाज तुम्ही नेहमी ठेवता तेवढा. दहा-पंधरा सेकंदांवर वाजवू नका, वूफरची कॉइल तापते. मदतीला एक माणूस पुढे बसवा. टोन चालू असताना चार मापं घ्या.

पहिलं बॅटरीवर. दुसरं ॲम्प्लिफायरच्या प्लस आणि अर्थच्या स्क्रूंवर. त्या गाडीत बॅटरीवर १३.६ होते आणि ॲम्प्लिफायरवर ११.३. म्हणजे २.३ व्होल्ट वाटेत गेले. कुठल्या वाटेत, ते तिसरं आणि चौथं माप सांगतं, आणि हीच दोन मापं सहसा कुणी घेत नाही. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं ॲम्प्लिफायरच्या प्लसला. दोन्ही प्लसवर, हो. लांब वायरचा तुकडा जोडून घ्या म्हणजे डिकीपर्यंत पोचेल. मीटर जे दाखवेल तेवढे व्होल्ट त्या वायरने, फ्यूज होल्डरने आणि थिंबलांनी (वायरच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या कड्यांनी) मिळून खाल्ले. तसंच बॅटरीचा मायनस आणि ॲम्प्लिफायरचा अर्थ यांच्यामध्ये. प्लसकडे अर्धा व्होल्टपर्यंत मी चालवून घेतो. अर्थकडे ०.१ च्या आसपास हवा, ०.२ च्या वर गेला की मी बोल्ट खोलतोच.

प्लसकडे ०.५ आला. अर्थकडे १.८.

डिकीतली मॅट उचलली. अर्थचा बोल्ट रंगावरच कसलेला होता, खाली तांबूस गंजाची चकती. टोन बंद करून बोट लावलं तर चटका बसला. ४० ॲम्पियर गुणिले १.८ व्होल्ट म्हणजे ७२ वॅट त्या एका बोल्टात तापत होते. वूफरला मिळायला हवी ती वीज पत्रा तापवत होती.

आमच्याकडे हे फार दिसतं. पावसात डिकीचं रबर गळतं, खाऱ्या हवेने पत्रा आतून गंजतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्यांचे तर सीटखालचे अर्थ बोल्ट अजूनही त्रास देतात. वरून गाडी चकचकीत, मॅट कोरडी, आणि बोल्टखाली हिरवा-तांबडा थर.

दुरुस्ती अशी. बॅटरीचा मायनस आधी सोडवा. बोल्टभोवतीचा रंग पॉलिश पेपरने पत्रा पांढरा चमकेपर्यंत घासा, थिंबलच्या रुंदीपेक्षा थोडा जास्तच. थिंबल वायरवर पक्की दाबलेली हवी, ओढून बघा. दातेरी वॉशर घालून घट्ट आवळा आणि वरून ग्रीस किंवा रंगाचा हात द्या म्हणजे पाणी शिरणार नाही. अर्थची वायर प्लसइतकीच जाड ठेवा. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी कधीही वापरू नका, तो जीव वाचवायला आहे. ज्या गाड्यांत बॅटरीच्या मायनसवर छोटा सेन्सर बसवलेला असतो, त्यांत ॲम्प्लिफायरची अर्थ थेट बॅटरीच्या टोकाला जोडू नका, बॉडीला द्या. नाहीतर तो करंट सेन्सरला दिसत नाही आणि चार्जिंगचा हिशेब चुकतो.

प्लसकडे जास्त जात असेल तर फ्यूज होल्डर चाचपा, गरम लागतो का. मग वायरचं टोक ब्लेडने खरवडा. तांब्याच्या आत पांढरी धातू दिसली तर ती ॲल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर. स्वस्त किटमध्ये बहुतेक हीच येते. हिचा रोध शुद्ध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. पाच मीटर ८ गेजच्या (गेजचा आकडा लहान तशी वायर जाड) शुद्ध तांब्यात ४५ ॲम्पियरला साधारण अर्धा व्होल्ट जातो. मुलाम्याच्या वायरमध्ये पाऊण. ४ गेजचं तांबं टाकलं तर ०.२ च्या आत. मुख्य फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आतच हवा, कारण आग लागते ती त्याच्या अलीकडच्या वायरला.

उजेड मंदावणाऱ्या गाडीत हीच युक्ती पुढे वापरा: अल्टरनेटरचा प्लस ते बॅटरीचा प्लस, आणि इंजिनाचा धातू ते बॅटरीचा मायनस. इंजिन-बॉडीची अर्थिंगची पट्टी गंजलेली सापडते. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा. कपॅसिटर मात्र यासाठी विकत घेऊ नका. तो वीज तयार करत नाही, क्षणभर साठवतो.

सगळीकडची गळती बंद करूनही बॅटरीवरचा आकडा टोनसोबत १२.६ च्या खाली येत राहिला, तर अल्टरनेटर कमी पडतोय हे तेव्हा खरं. ५०० वॅटच्या क्लास डी ॲम्प्लिफायरला पूर्ण भाराला ४५ ते ५० ॲम्पियर लागतात. एसी, दिवे, पंखा यांच्यासोबत ते आयडलला, म्हणजे रेस न देता, मिळणं अवघड. रेस वाढली की शिट्टीसारखा आवाज स्पीकरमधून येत असेल तर मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर बघा. अर्धा व्होल्ट दिसला तर अल्टरनेटरचा डायोड गेलाय. ०.१ च्या आत असेल तर शिट्टी अर्थिंगमधून किंवा आरसीएच्या, म्हणजे स्टिरिओतून ॲम्प्लिफायरला आवाज नेणाऱ्या, वायरीमधून येतेय.

आणि सकाळी बॅटरी बसलेली मिळत असेल, तर रात्री कोण पितंय ते पकडा. मायनस सोडवून मधे मीटर १० ॲम्पियरवर लावा, दारं बंद, अर्धा तास थांबा, सेल्फ मारू नका. ५० मिलिॲम्पियरच्या आत हवं. जास्त असेल तर आधी ॲम्प्लिफायरला चालू-बंद करणारी निळी रिमोट वायर तपासा; कुणीतरी ती थेट चालू लाइनला जोडलेली असते.

गुहागरच्या गाडीला बोल्ट घासून परत टोन लावला. अर्थकडे ०.०८, ॲम्प्लिफायरवर १३.० व्होल्ट, लाल दिवा नाही. मी बोनेटच्या आतल्या बाजूला चिकटपट्टी लावून तारीख आणि तीन आकडे मार्करने लिहिले: बंद गाडीत बॅटरी १२.६, इंजिन चालू असताना १४.२, अर्थकडे ०.०८. दिवाळीत तो सर्व्हिसिंगला आला तेव्हा त्याखाली त्याने स्वतःच मोजून एक ओळ लिहिलेली होती. शेवटचा आकडा ०.०९.